फांदी नेमकी कुठे कापायची

मे महिना लागला की शहरातल्या सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि तुंबलेली गटारं यांच्या जोडीला झाडांचा विषय निघतो. गाड्यांवर चीक पडतो. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये फांदी कोसळून कोणाच्या तरी गाडीचा टप बसला होता. तक्रारी सगळ्या खऱ्या असतात. त्यावर होणारा ठराव मात्र बहुधा चार शब्दांचा असतो: झाडं बोडकी करून टाका. मग कंत्राटदार येतो, दोन माणसं कोयते घेऊन वर चढतात, संध्याकाळपर्यंत टेम्पो भरतो आणि आवारात एकदम लख्ख उजेड पडतो. पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात.

किती कापलं यावर भांडणारे पुष्कळ भेटतात. वृक्षप्रेमी म्हणतात फार कापलं, पार्किंगवाले म्हणतात अजून कापायला हवं होतं. फांदी नेमकी कुठे कापली, हे मान वर करून बघणारा क्वचितच कोणी असतो. आणि झाड पुढची वीस-तीस वर्षं धड उभं राहणार की आतून कुजत जाणार, हे बऱ्याच अंशी त्या एका गोष्टीवर ठरतं.

हा प्रश्न घरगुती वाटला तरी लहान नाही. मुंबईत 2018 मध्ये जाहीर झालेल्या वृक्षगणनेत सुमारे 29 लाख 75 हजार झाडं मोजली गेली. त्यांतली निम्म्याहून जास्त खासगी आवारांत होती. रस्त्याकडेची झाडं दोन लाखांच्याही आत. म्हणजे शहराची सावली महापालिकेच्या हातात जितकी आहे, त्याहून कितीतरी जास्त ती सोसायटीचा सेक्रेटरी आणि त्यानं बोलावलेला कंत्राटदार यांच्या हातात आहे.

झाडाला जखम झाली की ती भरून येते, असं आपण धरून चालतो. आपल्या कातडीला खरचटलं तर तिथल्या मेलेल्या पेशी जाऊन त्यांच्या जागी नव्या येतात. झाडाला ही सोय नाही. लाकडात एकदा तयार झालेली पेशी कायमची तिथेच असते; ती बिघडली म्हणून काढून दुसरी बसवता येत नाही. मग कापलेल्या जागेवर कडेनं जी गोल वळी चढत जाते, ती काय असते? ते वरून बसणारं झाकण असतं. झाकणाखाली जुनी जखम जशीच्या तशी असते, झाड असेपर्यंत.

हे नीट उलगडून दाखवण्याचं श्रेय ॲलेक्स शायगो या अमेरिकन माणसाला जातं. लाकूड कुजतं ते बुरशीमुळे, हे जर्मनीत रॉबर्ट हार्टिग यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवलं होतं. पण जखमेपासून कूज आत कशी पसरते आणि कुठे थांबते, याचं चित्र धूसर होतं. शायगो 1959 मध्ये अमेरिकेच्या वनखात्यात संशोधक म्हणून लागले. एकट्या माणसाला पेलता येईल अशी चेनसॉ तेव्हा नुकतीच हाती येऊ लागली होती. तोवर अभ्यासक झाड आडवं कापून चकत्या बघत. शायगोंनी खोडं उभी चिरायला घेतली, आणि एक-दोन नव्हे, हजारो. उभं चिरल्यावर जखमेचा सगळा इतिहास लांबीभर दिसतो: कूज वर किती गेली, खाली किती उतरली, आत कुठे अडली.

त्यातून 1977 मध्ये त्यांनी हॅरॉल्ड मार्क्स यांच्यासोबत एक मांडणी प्रसिद्ध केली. झाड जखम बरी करत नाही, तिला कोंडतं. त्यासाठी ते चार भिंती उभारतं. पहिली जखमेच्या वर-खाली: पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तिथे बुजवल्या जातात. ही सगळ्यांत कच्ची, म्हणूनच कूज खोडात उभी लांबवर पळते. दुसरी भिंत गाभ्याच्या बाजूनं, वर्षागणिक वाढलेल्या लाकडाच्या दाट थरांची. तिसरी दोन्ही बगलांना. या तिन्ही जखमेच्या वेळी जे लाकूड होतं त्यातच उभ्या राहतात. चौथी मात्र वेगळी. जखम झाल्यानंतर जे नवं लाकूड तयार होतं, त्याच्या आणि जुन्या लाकडाच्या सीमेवर ती येते आणि ती सर्वांत पक्की असते. कूज आतलं सगळं खाऊन टाकील, पण नंतर वाढलेल्या लाकडात सहसा शिरत नाही. गावाबाहेरची एखादी चिंच आतून पार पोकळ, ढोलीत माणूस उभा राहील इतकी, आणि वर हिरवीगार का असते, याचं उत्तर या चौथ्या भिंतीत आहे.

आता भिंती उभारायला झाडाला खर्च येतो. पिठूळ साठा जाळावा लागतो. जखम लहान असेल, झाड सुदृढ असेल, तर कोंडणं जमतं. जखम ताटलीएवढी असेल आणि त्याच दिवशी तशा वीस केल्या असतील, तर जमत नाही.

झाडानं स्वतःच एक जागा मात्र आधीपासून तयार ठेवलेली असते. कुठल्याही आंब्याची किंवा करंजाची मनगटाएवढी फांदी जवळून बघा. ती खोडातून जिथे निघते तिथे खालून आणि बाजूंनी एक फुगवटा दिसतो, सदऱ्याच्या कॉलरसारखा. शास्त्रातही त्याला कॉलरच म्हणतात. वरच्या बाजूला, खोड आणि फांदीच्या बेचक्यात, सालीची एक खरबरीत उंच वळी असते. तो फुगवटा खोडाचा आहे, फांदीचा नाही. जंगलात सावलीतल्या खालच्या फांद्या मरून गळतात तेव्हा झाड त्यांना याच रेषेवर तोडून टाकतं, आणि कुजीला अडवणारी रसायनं याच पट्ट्यात साठवतं. करवत लावायची ती या फुगवट्याच्या लगेच बाहेर. फुगवटा शाबूत, पण त्यापुढे खुंटी उरलेली नाही.

आपल्याकडे दोन्ही टोकं सर्रास दिसतात. एक, ‘सफाईदार’ काप: खोडाला अगदी चिकटून, रंधा मारल्यासारखा. दिसायला छान, पण त्यात कॉलरच कापली जाते, जखम फांदीच्या जाडीपेक्षा कितीतरी मोठी होते आणि बुरशीला थेट खोडाचं दार उघडं मिळतं. युरोप-अमेरिकेतही कित्येक वर्षं हाच काप योग्य म्हणून शिकवला जात होता. शायगोंच्या उभ्या चिरलेल्या खोडांनी तो मोडीत काढला. दुसरं टोक म्हणजे खुंटी. कोयतेवाला जिथे हात पोचेल तिथे घाव घालतो आणि वीतभर, हातभर खुंट तसाच राहतो. त्याला पानं नाहीत, म्हणजे अन्न नाही. तो वाळतो, बुरशी त्यावर पोसते आणि जखमेवर चढू पाहणारी साल त्या मेलेल्या लाकडाशी अडून बसते. कपडे अडकवायला खुंट्या बऱ्या म्हणून कोणी त्या ठेवतंही.

जाड फांदी उतरवण्याची रीत तीन कापांची आहे, आणि चांगली टोळी काम करते तेव्हा ती बघण्यासारखी असते. समजा पर्जन्यवृक्षाची 20 सेंटीमीटर जाडीची फांदी पार्किंगच्या पत्र्यावर झुकली आहे. एवढ्या जाडीच्या ओल्या फांदीचं चार मीटर लाकूड पाल्याशिवायच 100 किलोच्या घरात जातं. वरचा माणूस आधी स्वतःचा दोर वरच्या मजबूत बेचक्यात अडकवतो, दुसरा दोर फांदीला बांधून वरून वळवून खाली सोडतो. खाली दोरवाला त्या दोराला खोडाभोवती दोन वेढे देऊन उभा राहतो. पहिला काप खोडापासून हातभर अंतरावर, खालून वर, फांदीच्या पाव-तिसरा हिस्सा जाडीपर्यंत. पातं चिमटू लागायच्या आत करवत बाहेर. दुसरा काप वरून, पहिल्याच्या किंचित पुढे. लाकूड कुरकुरतं, ‘सोड, हळू सोड’ अशी हाक येते आणि फांदी मोडून दोरावर लोंबकळते. ती वेढ्यांच्या घर्षणावर हळूहळू खाली येते. उरतो तो हातभर खुंट, वजनानं हलका. तिसरा काप कॉलरच्या बाहेरून, निवांत, आणि खुंटाला एका हाताचा आधार देऊन.

खालचा काप न घेता एकदम वरून कापलं तर काय होतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फांदी अर्धी कापली गेली की स्वतःच्या वजनानं कलते आणि पडता पडता खोडाची साल लांबलचक पट्टीसारखी सोलून नेते. वीतभर व्यासाची जखम दीड-दोन मीटरची होते. एवढा मोठा फटका केवळ दोन मिनिटं वाचवण्यासाठी बसतो. कोयत्याबद्दलही तेच. नारळ सोलायला आणि कुंपण झोडायला तो उत्तम. फांदीवर तो कापण्यापेक्षा चेचतो अधिक आणि कडा फाटक्या ठेवतो. अंगठ्याइतक्या फांदीला छाटणी कात्री, त्यापुढे करवत.

पण सोसायटीचा ठराव बोडकं करण्याचा होता, त्याकडे यायला हवं. कारण त्यामागचा तर्क वरवर बिनतोड वाटतो: वर झाडच उरलं नाही तर पडणार काय?

पान म्हणजे झाडाची कमाई. सगळा पाला एका दिवसात उतरवला की कमाई शून्यावर येते आणि खर्च मात्र चालूच राहतो, शिवाय डझनभर जखमा कोंडायच्या. झाड अशा वेळी खोडातल्या-मुळांतल्या साठ्यावर तग धरतं आणि जिवाच्या आकांतानं पाला काढतं. सालीखाली निपचित असलेले डोळे एकदम फुटतात. संत्र्या-मोसंबीचे बागायतदार अशा सरळसोट वाढणाऱ्या हावऱ्या फुटींना पाणसोट म्हणतात आणि दिसले की काढून टाकतात. सोसायटीत त्या आनंदानं बघितल्या जातात: ‘बघा, दोन महिन्यांत परत हिरवं झालं!’

गोम अशी की साधी फांदी जन्मापासून खोडाबरोबर वाढते. वर्षावर्षाला खोडाचं लाकूड तिच्या बुडाभोवती चढत जातं आणि ती आत रुतत जाते. पाणसोट निघतो सालीलगतच्या थरातून. त्याचं बूड वरवर चिकटलेलं. त्यात तो वेगानं वाढतो, तीन-चार वर्षांत पाच-सहा मीटर, आणि ज्या खुंटावर बसला आहे तो खुंट दरम्यान कुजत असतो. म्हणजे जी फांदी पडेल म्हणून भीती होती, तिच्या जागी आता सहा फांद्या उभ्या आहेत, प्रत्येकीचा सांधा कच्चा. खोट्या अशोकाच्या बाबतीत हे चित्र गल्लोगल्ली आहे. सरळ एका शेंड्यानं वाढणारं हे झाड. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर त्याची मुंडी उडवली जाते आणि तिथून पाच शेंडे झाडूसारखे वर जातात. पुढच्या वेळी पुन्हा तिथेच कापायचं. कंत्राटदाराला कायमचं गिऱ्हाईक मिळतं.

बोडक्याचा एक सभ्य भाऊ आहे, तो जास्त फसवा. यात झाडाचा आकार तसाच राहतो, आतल्या बारीक फांद्या आणि पाला मात्र बुडापासून साफ केला जातो आणि टोकाला तेवढा झुपका ठेवतात. नीटनेटकं दिसतं. वाऱ्यात मात्र हे झाड वाईट वागतं. भरल्या झाडाच्या लहान-मोठ्या फांद्या आपापल्या तालात, एकमेकींच्या विरुद्ध डोलतात आणि वाऱ्याचा जोर वाटून जिरवतात. आतला भार काढून टाकला की सगळं वजन लांब दांड्याच्या टोकाला जातं आणि दांडा बुडाशी मोडतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, हेही इथे ध्यानात घ्यावं. जून 2020 मध्ये निसर्ग आणि मे 2021 मध्ये तौक्ते ही वादळं येऊन गेली तेव्हा कोकण किनाऱ्यानं हे गणित अंगावर झेललं आहे.

मग नेमकं काय करायचं? मेलेल्या, कुजलेल्या, एकमेकींना घासणाऱ्या फांद्या आधी काढायच्या. निम्मं काम बऱ्याचदा इथेच संपतं. गाडी-माणसाला अडथळा असेल तर खालच्या फांद्या थोड्या थोड्या, दोन-तीन वर्षांत मिळून उचलायच्या. जोशीकाकूंच्या खिडकीसाठी तेवढ्या बाजूचा पाला विरळ करायचा. फांदी आखूड करायचीच असेल तर ती हवेत मध्येच न तोडता, तिच्यातून निघणाऱ्या अशा पोटफांदीपर्यंत मागे न्यायची जिची जाडी मूळ फांदीच्या निदान एक तृतीयांश असेल. म्हणजे शेंड्याचं काम ती पोटफांदी उचलते आणि पाणसोटांची झुंबड उडत नाही. आणि एका वर्षात जिवंत पाल्याचा पाव हिस्सा ही वरची मर्यादा. म्हाताऱ्या झाडाला त्याहूनही कमी. पावाचा आकडा गाठलाच पाहिजे असा अर्थ मात्र नाही. काही कंत्राटदार तो कोटा समजतात.

सगळ्यांत स्वस्त छाटणी झाड लहान असताना होते आणि ती कोणीच करत नाही. रोप तीन-चार वर्षांचं असताना दोन सारख्या जोराचे शेंडे स्पर्धा करत असतील तर एक कात्रीनं काढायचा. दहा मिनिटांचं काम. ते राहून गेलं की पंचवीस वर्षांनी तिथे इंग्रजी व्ही अक्षरासारखा अरुंद बेचका होतो, दोन्ही खोडांची साल मध्ये चिमटत जाते, लाकूड लाकडाला भिडतच नाही, आणि एका पावसाळी रात्री झाड उभं दुभंगतं. गुलमोहरात हे फार. मादागास्करहून आलेलं हे देखणं झाड लाकडानं हलकं आणि मुळांनी उथळ. त्याच्या बुंध्याशी तपकिरी, फळीसारखी कडक अळंबी उगवलेली दिसली तर छाटणीवाल्याच्या आधी जाणकाराला बोलवावं. ती बुरशी आत बराच काळ जेवून मग बाहेर दिसते.

वडाचं उलटं. त्याच्या पारंब्या लोंबतात म्हणून कापल्या जातात, मुलं झोके घेतात म्हणून कापल्या जातात, गाडीच्या काचेला लागतात म्हणूनही. पारंबी जमिनीला टेकली की तिचा खांब होतो आणि आडव्या पसरलेल्या फांदीचा भार तोलतो. टेकू काढून घ्यायचा आणि मग फांदी धोकादायक झाली म्हणून तीही कापायची, असा हा प्रकार. जिथे जागा आहे तिथे दोन-चार पारंब्या वाटेवरून बाजूला ओढून मातीत पोचू द्याव्यात.

नारळाबद्दल वेगळं बोलावं लागतं, कारण त्याला वर सांगितलेलं जवळपास काहीच लागू नाही. त्याला फांद्या नाहीत, सालीखाली वर्षावर्षाला वाढणारा थर नाही, म्हणून जखमेवर कड चढणं नाही. खोडात खाच पाडली तर ती झाडाबरोबरच संपते. वाढीचा कोंब एकच, शेंड्यात. तो गेला की झाड गेलं. निरोगी उंच नारळाला वर्षाला 12 ते 14 नवी पानं येतात आणि प्रत्येक झावळीच्या बगलेतून एक पोय निघते. हिरव्या झावळ्या ‘साफ’ करणं म्हणजे झाडाचं अन्न आणि पुढचे नारळ एकत्र तोडणं. वादळाच्या भीतीनं चारच उभ्या झावळ्या ठेवून बाकी छाटतात, त्यानं कोवळा कोंब उघडा पडतो. ताज्या जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. गेंड्या भुंगा कोंबच पोखरतो. कोकणातला जुना पाडेली वाळलेल्या झावळ्या, जून नारळ आणि पेंडीतला कचरा एवढंच काढतो आणि कोंबाला हात लावत नाही. शहरातल्या सोसायटीनंही पावसाआधी आणि दिवाळीनंतर एवढंच करून घ्यावं. नारळ कलला असेल, बुंध्याशी पोखरला असेल, तर छाटणीनं तो सुरक्षित होत नाही. तिथे प्रश्न झाड ठेवायचं की काढायचं हाच असतो, आणि त्याची तपासणी मागून घ्यावी लागते. 2017 च्या जुलैत चेंबूरमध्ये रस्त्यानं जाणाऱ्या एका महिलेच्या अंगावर नारळ उन्मळून पडला आणि तिचा मृत्यू झाला. त्यानंतर मुंबईत या तपासण्यांवर बरीच चर्चा झाली.

कापल्यावर वर काय लावायचं, हा प्रश्न हमखास येतो. ऑइल पेंट, डांबर, गेरू-चुना, काहीही. शायगोंनी आणि त्यांच्यानंतर इतरांनी केलेल्या तपासण्यांत असल्या लेपांनी मोठ्या झाडातली कूज रोखली जात असल्याचं दिसलं नाही. काही लेप ओल धरून बुरशीचीच सोय करतात. बोर्डो पेस्टचा मुद्दा थोडा वेगळा आहे. मोरचूद आणि चुना प्रत्येकी एक किलो, पाणी दहा लिटर, हे मिश्रण बागायतदार डोळे झाकून वापरत नाहीत. आंब्याच्या ताज्या कापावर भिरूड अंडी घालतो, संत्र्याला डिंक्या लागतो, तिथे त्याला अर्थ आहे. सोसायटीच्या आंब्याला लावा. पर्जन्यवृक्षाला लावून फार काही साधत नाही, पोपटी-निळा रंग दिसून काम झाल्याचं समाधान मिळतं इतकंच. ढोलीत सिमेंट भरणं मात्र पूर्ण बंद करावं. झाड डोलतं, सिमेंट डोलत नाही. दोहोंत फट पडते आणि पाणी तिथेच मुरतं.

सिमेंटचा विषय निघालाच आहे तर बुंध्याकडेही बघा. पेव्हर ब्लॉक थेट खोडाला भिडवलेले असतील आणि गेल्या वर्षी केबलच्या चरात एका बाजूची मुळं तोडली असतील, तर वर कितीही शहाणपणानं छाटा, उपयोग थोडा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. आपल्या आवारात तेवढं करायला कोणाच्या आदेशाची वाट बघायची गरज नाही.

परवानगी मात्र लागते. महाराष्ट्रातल्या नागरी भागांसाठी 1975 चा झाडांचं संरक्षण व जतन अधिनियम आहे आणि त्यात झाड तोडण्याच्या व्याख्येत जाळणं, कापणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणं हे सगळं येतं. ‘आमच्या आवारातलं आमचं झाड’ हा युक्तिवाद तिथे टिकत नाही. 2021 च्या दुरुस्तीनं अंदाजे 50 वर्षं आणि त्याहून जुन्या झाडांना पुरातन वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं. अर्ज वॉर्डातल्या उद्यान विभागाकडे, झाडाच्या फोटोसह, आणि तो मेमध्ये करण्याऐवजी जानेवारी-फेब्रुवारीत केलेला बरा. मेअखेरीस सगळं शहर त्याच टेबलासमोर असतं.

त्या वेळी छाटणीलाही दुसरी अडचण येते. कावळ्यांची घरटी उन्हाळ्याच्या शेवटी असतात. बगळे आणि पाणकावळे पावसाळ्यात एकाच झाडावर वसाहत करतात. पिल्लं असलेलं झाड छाटणं निर्दयपणाचं आहेच, शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना धक्का लावणं शिकारीच्या व्याख्येत येतं. हिवाळ्याचा उत्तरार्ध हा आपल्याकडे बहुतेक झाडांना सोयीचा काळ. मोहोरलेल्या आंब्याला अर्थातच नाही; त्याची फळं उतरल्यावर बघावं.

आता माणसं. अमेरिकेत आणि युरोपात झाडांची काळजी हा परीक्षा देऊन, प्रमाणपत्र घेऊन करायचा व्यवसाय आहे. आपल्याकडे अशी प्रमाणपत्रं असलेले थोडे आहेत आणि झाडावर चढणारा माणूस सहसा त्यांतला नसतो. तो चपळ असतो, धाडसी असतो, झाडाचा अंदाज त्याला चांगला असतो. त्याला कॉलर दाखवली तर दुसऱ्या फांदीला सांगावं लागत नाही. खोट असते ती करारात. अनेकदा कंत्राटदार कमी पैसे घेतो आणि लाकूड घेऊन जातो. मग जाड फांद्या पाडण्यातच त्याचा फायदा असतो, आणि पंचवीस बारीक मेलेल्या काटक्या वेचून काढण्यात काहीच नसतो. दर झाडामागे, कामाचं वर्णन लिहून ठरवावा आणि लाकडाचा हिशेब वेगळा ठेवावा. वर चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस, डोक्यावर हेल्मेट, कंत्राटदाराकडे विमा, या गोष्टी आधी विचाराव्यात. विजेची तार फांद्यांतून जात असेल तर वीज कंपनीला कळवून पुरवठा बंद झाल्याशिवाय कोणालाही चढू देऊ नये. ओली फांदी वीज खाली आणते.

काम कसं झालं ते त्याच दिवशी पूर्ण कळत नाही. उजेडावरून तर अजिबात नाही. साधारण वर्षभरानं, पुढचा पावसाळा संपल्यावर, त्याच कापांकडे पुन्हा बघायचं. काप बरोबर जागी असेल तर त्याच्याभोवती सालीची कड सगळीकडून सारखी, जवळपास गोल चढू लागलेली दिसते. खोडाला चिकटून कापलं असेल तर ती फक्त डाव्या-उजव्या बाजूंना येते, वर आणि खाली उघडंच राहतं, जखम उभट लंबगोल दिसते. खुंटी ठेवली असेल तर कड तिच्या बुडाशी थबकलेली असते आणि लाकडाला भेगा पडलेल्या असतात. जुन्या झाडांवर गेल्या वीस वर्षांतल्या कंत्राटदारांचं काम अशा खुणांत वाचता येतं; खाली उभं राहून, दुर्बिणीशिवाय. पुढच्या मीटिंगला दरपत्रकं उघडण्यापूर्वी कमिटीतल्या दोघांनी आवारात एक चक्कर मारून ते वाचावं, आणि ज्यांचे काप गोल मिटले आहेत त्यांचा फोन नंबर शोधावा, दर चार पैसे जास्त असला तरी.